उणे पंधरा म्हणजे पुढे की मागे?

ग्वाल्हेरात कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवरून रिक्षा जाऊ लागली की रिक्षावाला, तुम्ही विचारा किंवा न विचारा, एक गोष्ट सांगतोच. 24 फेब्रुवारी 2010. सचिन, नाबाद 200. समोर दक्षिण आफ्रिका. 147 चेंडू, 25 चौकार, 3 षटकार. दिल्लीत त्याच दिवशी ममता बॅनर्जींनी रेल्वेचा अर्थसंकल्प मांडला होता, पण तो इथे कोणाच्या लक्षात असेल तर शपथ. लक्षात आहे ते हे, की शेवटच्या षटकांत धोनी मारत सुटला होता आणि सगळं स्टेडियम त्याच्यावर वैतागलं होतं. एक धाव काढ आणि सचिनला स्ट्राइक दे, एवढीच सगळ्यांची मागणी. 'वनडेतलं पहिलं द्विशतक आमच्या गावात झालं' हे वाक्य ग्वाल्हेरकर ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात तो किल्ल्याबद्दलही बोलत नाही.

वाक्य अर्थात अपुरं आहे. 'पुरुषांच्या' हा शब्द त्यातून गळलाय. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक बारा वर्षं आधी, 16 डिसेंबर 1997 रोजी, मुंबईत वांद्र्याला एमआयजी क्लबच्या मैदानावर झालं. महिलांचा विश्वचषक होता. ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क डेन्मार्कविरुद्ध 155 चेंडूंत नाबाद 229 धावा करून परतली. ऑस्ट्रेलियाच्या 3 बाद 412, आणि डेन्मार्कचा सगळा डाव 49 धावांत आटोपला. डेन्मार्कचा संघ दुबळा होता हे खरं, पण विक्रमांच्या वहीत प्रतिस्पर्ध्याच्या दुबळेपणाचा रकाना नसतो. त्याच दिवशी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर इंग्लंडची शार्लट एडवर्ड्‌स आयर्लंडविरुद्ध नाबाद 173 धावा करत होती. दुसऱ्या दिवशी तिला अठरा वर्षं पूर्ण व्हायची होती. म्हणजे हिवाळ्यातल्या एकाच मंगळवारी मुंबईत आणि पुण्यात असे दोन डाव झाले, आणि 'मी तेव्हा तिथे होतो' असं सांगणारा क्रिकेटवेडा मराठी माणूस मला आजवर भेटलेला नाही. ग्वाल्हेरच्या द्विशतकाला मात्र आपण हजर होतो असं सांगणारे इतके आहेत, की ते सगळे खरं बोलत असतील तर स्टेडियम तिप्पट मोठं बांधायला हवं होतं.

बायकांचा खेळ लोक का बघत नाहीत, या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असतं: त्यात जोर नाही, वेग नाही, मजा नाही. हे उत्तर मला कधीच पटलं नाही आणि न पटण्याचं कारण गोल्फमध्ये सापडलं. गोल्फ हा ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या माणसासाठी जवळजवळ परग्रहावरचा खेळ, हे कबूल. पण म्हणूनच त्याच्याकडे बघितलं की हा प्रश्न स्वच्छ दिसतो.

दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं पुढे लष्कर झालं. त्या लष्करातली दौलतगंज ही जुनी वस्ती. मराठी घरं आता विखुरली, मुलं पुण्या-बंगळुरूला गेली, तरी गणपतीत आरत्या मराठीतच होतात आणि त्या संपल्या की अंगणातली चर्चा हिंदी-मराठीच्या खिचडीत सुरू होते. माझ्या आत्याचं सासर इथलं. तिच्या घरात टीव्हीवर काय लागतं हे मी लहानपणापासून बघत आलोय आणि त्याचा नियम ठरलेला आहे. संध्याकाळी बाजूच्या वाड्यातले काका आले की त्यांच्याशी ज्यावर दोन वाक्यं बोलता येतील, ते लागतं. क्रिकेट लागतं. एके काळी टेनिस लागायचं, कारण सानिया मिर्झावर प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. ज्यावर उद्या कोणी बोलणार नाही ते आज लावलं जात नाही. माणसं सामना बघताना उद्याच्या गप्पांची बेगमी करत असतात. बेगमी होणार नसेल तर कोण कशाला दोन तास घालवेल?

या नियमाला अपवाद झाला तो ऑगस्ट 2021 मध्ये, लागोपाठ दोन सकाळी.

पहिली सकाळ 6 ऑगस्टची. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिला हॉकीची कांस्यपदकाची लढत, भारत विरुद्ध ग्रेट ब्रिटन, आपल्या घड्याळात सकाळी सात. चार दिवस आधी याच पोरींनी ऑस्ट्रेलियाला 1-0 असं घरी पाठवलं होतं. गोल गुरजीत कौरचा, पेनल्टी कॉर्नरवर. मग उपांत्य फेरीत अर्जेंटिनाने 2-1 ने हरवलं. आता कांस्य. 0-2 अशा पिछाडीवरून भारत 3-2 वर आला आणि शेवटी 3-4 हरला. त्या सकाळी ग्वाल्हेरात दुधवालासुद्धा दारात थांबून बघत होता, असं आत्याने फोनवर सांगितलं.

दुसरी सकाळ 7 ऑगस्टची. पहाटेपासूनच लोक टीव्हीपुढे. बंगळुरूची 23 वर्षांची आदिती अशोक गोल्फच्या शेवटच्या फेरीत पदकाच्या तोंडाशी होती. जागतिक क्रमवारीत ती तेव्हा दोनशेच्या आसपास. बॅग तिची आई, माहेश्वरी, खांद्यावर घेऊन चालत होती. कॅडी म्हणून आईच. सात-साडेसातला माझा फोन वाजला.

"अरे, ते उणे चौदा म्हणतायत. उणे म्हणजे मागे ना?"

"नाही आत्या, यात उणे चांगलं. जितकं जास्त उणे तितकी ती पुढे."

"हे कोणी ठरवलं? बरं, मग ती पहिली का नाही?"

"त्या अमेरिकन पोरीचं अजून जास्त उणे आहे."

"तुझे काका म्हणतायत पाऊस आला तर आपल्याला रौप्य. खरं का रे?"

काकांचं म्हणणं खरं होतं! वादळाचा अंदाज होता आणि खेळ पूर्ण होऊ शकला नाही तर तीन फेऱ्यांवर निकाल लावायचा असं ठरलं होतं. तीन फेऱ्यांनंतर आदिती दुसरी होती. वादळामुळे खेळ थोडा वेळ थांबलाही. गोल्फचा एकही होल आयुष्यात न पाहिलेल्या, आदल्या दिवशीपर्यंत 'बर्डी' म्हटल्यावर पक्षी डोळ्यांपुढे येणाऱ्या घरांत त्या सकाळी सैतामा प्रांतातल्या ढगांची चौकशी चालू होती. खेळ पुन्हा सुरू झाला. अठराव्या होलवर आदितीला बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, हवी होती, पट (चेंडू भोकाकडे घरंगळवायचा फटका) लांबचा होता, चेंडू कडेने गेला. 67, 66, 68, 68. एकूण 269, पारपेक्षा, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा, पंधरा कमी. नेली कोर्डा उणे सतरावर सुवर्ण घेऊन गेली, मोने इनामी आणि लिडिया को उणे सोळावर बरोबरीत, प्लेऑफमध्ये रौप्य इनामीला. आदिती चौथी, एका फटक्याने. आणि त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला पडला, मग उणे पंधरा कोणाच्या लक्षात राहणार?

त्या सकाळी गोल्फ का बघितला गेला? खेळाचा दर्जा एका रात्रीत वाढला नव्हता. आदिती फटक्याच्या लांबीत त्या मैदानातल्या सगळ्यात मागच्या खेळाडूंपैकी होती. काही आठवड्यांपूर्वीच कोविड होऊन गेलेला, ताकद घटलेली. ती टिकली ती ग्रीनवरच्या पटिंगमुळे. जोर-वेगवाल्यांचा मुद्दा इथेच कोसळतो. पुरुष व्यावसायिकाचा ड्राइव्ह तीनशे यार्डांच्या घरात जातो, महिलांचा अडीचशेच्या पुढेमागे. पण टीव्हीच्या पडद्यावर दोन्ही फटके सारखेच दिसतात: राखाडी आकाशात एक पांढरा ठिपका, मग कॅमेऱ्याची धावपळ, मग गवतावर टप्पा. अडीचशे की तीनशे हे निवेदक सांगतो म्हणून कळतं. क्रिकेटमध्ये षटकारासाठी मारलेला चेंडू सीमेच्या आत पडला तर फरक दिसतो, हॉकीत ड्रॅगफ्लिकचा वेग जाणवतो. गोल्फमध्ये ताकदीचा फरक बघणाऱ्याला जवळजवळ दिसतच नाही. उलट रविवारी क्लबात खेळणाऱ्या साध्या खेळाडूचा हात महिला व्यावसायिकांच्या लयीच्या जास्त जवळ असतो, आणि शिकायचं तर त्यांच्याकडून शिका असं अनेक प्रशिक्षक सांगतात. म्हणजे ज्या एका खेळात बायकांचा खेळ जसाच्या तसा पाहायला काहीच हरकत नसावी, त्यातही प्रेक्षक पुरुषांच्या मागे जातो.

गोल्फ टीव्हीवर बघणं अवघड आहे हे मात्र मान्य करायला हवं. चार दिवस, 72 होल, एकाच वेळी मैदानात साठ-सत्तर खेळाडू. कॅमेरा एकीचा पट दाखवतो तोवर दुसरी तीन होल पलीकडे पाण्यात चेंडू घालून बसलेली असते. समोरासमोर कोणी नाही, मधे जाळी नाही, गोलपोस्ट नाही. प्रत्येक जण मैदानाशी खेळतोय आणि आकडा आठवत ठेवायचं काम प्रेक्षकाचं. अशा खेळात पकड बसते ती एखाद्या माणसाचं काय होतंय हे आधीपासून माहीत असेल तरच. पुरुषांच्या गोल्फला टायगर वुड्‌स हे नाव पुरलं. त्याला बोगी म्हणजे काय हे न कळणारेही बघत होते.

महिलांच्या व्यावसायिक गोल्फला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. 1950 मध्ये अमेरिकेत तेरा जणींनी एलपीजीए ही महिला गोल्फपटूंची संघटना स्थापन केली, त्यांत बेब झहारियास होती, पॅटी बर्ग होती. या बायका गावोगावी स्वतः गाडी चालवत जायच्या आणि लोक यावेत म्हणून बेसबॉलच्या सामन्याआधी मैदानात उभ्या राहून चेंडू मारून दाखवायच्या. पुढे आकर्षणाचे मार्ग बदलले. ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या जॅन स्टीफन्सनचं गोल्फच्या चेंडूंनी भरलेल्या बाथटबमधलं छायाचित्र गाजलं. 2017 मध्ये त्याच एलपीजीएने खेळाडूंच्या कपड्यांचे नियम कडक केले, दंड लावला. आधी लोकांनी बघावं म्हणून कपडे कमी, मग लोक काय म्हणतील म्हणून जास्त. पटची चर्चा दोन्ही वेळा बाजूलाच राहिली.

2008 चा प्रसंग मला त्याहून बोलका वाटतो. तोवर अमेरिकेतल्या स्पर्धांवर कोरियन मुलींनी कब्जा केला होता. एलपीजीएने जाहीर केलं की ज्यांना इंग्रजी येणार नाही त्यांना निलंबित करू. गदारोळ झाला, महिन्याभरात नियम मागे घ्यावा लागला. दुखणं खेळाचं नव्हतंच. प्रायोजकांना, त्यांच्या पाहुण्यांना आणि टीव्हीवाल्यांना विजेतीशी चार वाक्यं बोलता येत नव्हती. पुन्हा आमचा दौलतगंजचाच नियम, फक्त डॉलरमध्ये.

आणि त्याच कोरियन मुली त्यांच्या देशात घराघरांत बघितल्या जात होत्या. कारण 1998 चा जुलै. कोरियाची अर्थव्यवस्था कोसळलेली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज डोक्यावर, नोकऱ्या गेलेल्या. वीस वर्षांची पाक से-री विस्कॉन्सिनमध्ये यूएस विमेन्स ओपनचा प्लेऑफ खेळत होती. शेवटच्या होलवर चेंडू तळ्याच्या काठाला पाण्याशी गेला. तिने बूट काढले, मोजे काढले, पाण्यात उतरली आणि चेंडू बाहेर काढला. उन्हाने रापलेल्या पोटऱ्या आणि त्याखाली पांढरेफटक पाय. ते चित्र तिथे पुढे कितीतरी वर्षं टीव्हीवर दाखवलं गेलं. जादा होल खेळून ती जिंकली. कोरियात लोक रात्रभर जागे होते. त्यांत दहा वर्षांचीही पुरती न झालेली पाक इन-बी होती. तिने लगेच गोल्फ हातात घेतला, बरोबर दहा वर्षांनी 2008 ची यूएस विमेन्स ओपन जिंकली, आणि 2016 मध्ये रिओत ऑलिंपिक सुवर्ण. रिओतल्या कोरियन संघाची प्रशिक्षक होती पाक से-री. आज कोरियात महिलांचा गोल्फ पुरुषांपेक्षा जास्त बघितला जातो. एक दृश्य मिळालं, ते रोज सांगितलं गेलं, आणि पुढच्या आठवड्यातही स्पर्धा होती. हा तिसरा भाग फार महत्त्वाचा.

आपल्याकडे आदितीच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी घडल्या, तिसरी घडली नाही. खरं तर तिच्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं. 13 नोव्हेंबर 2016 ला गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावर तिने विमेन्स इंडियन ओपन जिंकली, लेडीज युरोपियन टूरवर जिंकणारी ती पहिली भारतीय. वय अठरा. पण नोटबंदी होऊन पाच दिवस झाले होते आणि अख्खा देश बँकेच्या रांगेत उभा होता! दोन आठवड्यांत तिने कतारमध्येही स्पर्धा जिंकली. हरयाणाच्या दीक्षा डागरचं तर त्याहून मोठं आश्चर्य. डावखुरी, जन्मापासून ऐकण्यात अडचण, वडील सैन्यात कर्नल आणि तेच तिचे कॅडी. 2019 मध्ये दक्षिण आफ्रिकेची ओपन तिने जिंकली तेव्हा तीही अठरा वर्षांची, 2023 मध्ये चेक प्रजासत्ताकात दुसरं विजेतेपद, बधिर ऑलिंपिकमध्ये सुवर्ण. यातलं दौलतगंजात कोणाला ठाऊक आहे? पुण्यातही विचारून बघा.

2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला दोघी होत्या. आता पहाटे उठायचीही गरज नव्हती, आपल्या दुपार-संध्याकाळी खेळ. मग 'वेळ अडचणीची' हे कारणही गेलं. आत्याकडे टीव्हीवर काय चाललं होतं ते मी विचारलं, तर कुस्ती. विनेश फोगटचं अपात्र ठरणं, तिचं अपील, त्यावरच घराघरांत वाद. आदिती तिसाच्या आत कशीबशी, दीक्षा पन्नाशीच्या आसपास. पदकाचा वास आला नाही म्हणून कोणी फिरकलं नाही. लिडिया को सुवर्ण घेऊन हॉल ऑफ फेममध्ये गेली. तीच को, जिच्याविरुद्ध तीन वर्षांपूर्वी आमच्या काकांनी पावसाची प्रार्थना केली होती.

गोल्फला आपल्याकडे भिंती आहेत हेही विसरून चालणार नाही. मैदानं एक तर लष्करी छावणीत, नाही तर क्लबात. आत जाणारा सभासद, नाही तर कॅडी. गल्लीत खेळून ज्याचा अंदाज येतो असा हा खेळच नव्हे. टोकियोचं गोल्फ जिथे झालं त्या कासुमिगासेकी क्लबने तर बायकांना पूर्ण सभासदत्व 2017 मध्ये, ऑलिंपिक समितीने डोळे वटारल्यावर दिलं. ज्या खेळात बाईला क्लबाच्या दारातून आत येण्याचीच मारामार, त्यात तिचा प्रेक्षक कुठून तयार होणार, असं कोणी म्हणेल. पण भिंती नसल्या की प्रेक्षक येतो असं म्हणावं, तर ग्वाल्हेरचंच हॉकी आडवं येतं.

रूपसिंह स्टेडियम ज्याच्या नावाचं, तो क्रिकेटपटू नव्हताच. ध्यानचंदांचा धाकटा भाऊ, ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत, 1932 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्ध 24-1 असा जो सामना झाला त्यात दहा गोल एकट्याचे. मैदानही आधी हॉकीचंच होतं. म्हणजे हे शहर हॉकीचं. 2006 साली राज्य सरकारने महिला हॉकी अकादमी काढली ती इथेच. अकादमीच्या कंपूतल्या मैदानावर सामन्याआधी पाण्याचे फवारे सुटतात, कृत्रिम हिरवळ भिजून चकाकते, चेंडू तिच्यावरून सरकताना मागे पाण्याची रेघ उठते आणि फळीवर आदळला की धाडकन आवाज रस्त्यापर्यंत येतो. देशभरातल्या मुली इथे वाढल्या, प्रीती दुबेसारख्या ऑलिंपिकपर्यंत गेल्या. ग्वाल्हेरचीच इशिका चौधरी 2022 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कनिष्ठ विश्वचषकात भारताची उपकर्णधार होती. तिथेही भारत चौथा, शूटआउटमध्ये. कंपू दौलतगंजापासून काही लांब नाही. माझ्या आत्याच्या घरातलं कोणी तिथे सामना बघायला गेल्याचं मला आठवत नाही, आणि त्याच घरात 6 ऑगस्टला सगळ्यांचे डोळे ओले होते.

याला ढोंग म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. कंपूवर आज कोण कोणाशी खेळतंय हे घरापर्यंत कधी आलंच नाही. हिंदी पेपरच्या शहर पानावर खाली दोन ओळी, तीही निकाल लागल्यावर. जो सामना कालच होऊन गेला, त्याला कोण जाणार? टोकियोची वेळ मात्र दोन दिवस आधीपासून सगळ्यांच्या फोनवर होती.

पुढच्या आठवड्यातही सामना असण्याची ती तिसरी गोष्ट क्रिकेटने केली, आणि तीही फार उशिरा. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1973 साली पुण्यात झाली तेव्हा संघ होते तीन. त्यानंतर कितीतरी वर्षं मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करत खेळत राहिल्या. 2017 ला लॉर्ड्‌सवरची विश्वचषकाची अंतिम लढत नऊ धावांनी गेली आणि ती लोकांनी बघितली. 2023 ला विमेन्स प्रीमियर लीग सुरू झाली, पहिल्या वर्षी मुंबईत बायका-मुलींना फुकट प्रवेश, आणि मुख्य म्हणजे रोज संध्याकाळी सामना. 'काल काय झालं' याला दुसऱ्या दिवशी उत्तर होतं. 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा आत्याकडे सामना समजावून सांगायची पाळी कोणावर आली नाही. शफाली आधी संघातच नव्हती, ती कशी आली, हे आत्यानेच मला सांगितलं. जेमिमाच्या उपांत्य सामन्यातल्या 127 वर तिचं मत तयार होतं. क्रांती गौड छतरपूर जिल्ह्यातली म्हणून 'आपली' होती. वांद्र्याच्या मैदानापासून नवी मुंबईपर्यंत यायला अठ्ठावीस वर्षं लागली. अंतर तासाभराचं.

गोल्फला हा रस्ता इतका सरळ मिळणार नाही. देशात त्याचे संघ नाहीत, शहरं नाहीत, दीक्षा किंवा आदिती जिंकते ती कधी प्रागजवळ, कधी दोहात. तिच्या मागे जायचं तर वर्षभर, देशोदेशी, आठवड्याचे चार-चार दिवस. अमेरिकेतही हेच रडगाणं आहे. 2024 मध्ये नेली कोर्डाने सलग पाच स्पर्धा जिंकल्या, त्याआधी हे फक्त नॅन्सी लोपेझ आणि अनिका सोरेनस्टाम यांना जमलं होतं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका हौशी फेरीला गर्दी लोटली ती कॅटलिन क्लार्क या बास्केटबॉलपटूच्या मागे. लोक तिला आधीपासून ओळखत होते, एवढंच. कोर्डाच्या पाच विजयांनी जे झालं नाही, ते ओळखीच्या चेहऱ्याच्या चार चुकलेल्या फटक्यांनी झालं.

2028 ला लॉस एंजेलिसमध्ये महिलांचं गोल्फ रिव्हिएरा क्लबवर आहे, शिवाय पहिल्यांदाच स्त्री-पुरुषांची मिश्र जोडीची स्पर्धा आहे. तिथली सकाळ म्हणजे आपली रात्र, म्हणून खेळ साधारण जेवणं झाल्यावर सुरू होईल आणि पहाटेपर्यंत चालेल. पण त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांचं क्रिकेटही आहे. आत्याला मी परवाच हे सांगितलं. ती म्हणाली, क्रिकेट लावू, मधे ब्रेक आला की तुझी ती उणेवाली बघू, पण आधी तिचं काय चाललंय ते मला अधूनमधून कळवत जा.